वृत्त तेच, शब्द आपले: कल्ट चित्रपटाचं विडंबन करणारा म्युझिक व्हिडिओ कसा करावा

विडंबनकाव्य वाचताना हसू नेमकं कुठे फुटतं ते आठवून बघा. वृत्त, यमकं, शब्दांची ठेवण सगळं मूळ कवितेसारखं चाललेलं असतं आणि त्या ओळखीच्या चालीवर भलताच आशय येऊन बसतो. एका मात्रेचा घोळ झाला तरी मजा जाते. एखाद्या कल्ट, म्हणजे वेड्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेल्या, चित्रपटाला मानवंदना देणारा किंवा त्याचं विडंबन करणारा म्युझिक व्हिडिओ करतानाही हेच लागू पडतं. चित्रपटाचं वृत्त म्हणजे त्याची चौकट, कॅमेऱ्याची उंची, प्रकाश, रंग आणि कटांची लय. ते पकडलं, तर आत काहीही भरता येतं. ते निसटलं, तर हुबेहूब कपडे शिवूनही व्हिडिओ गॅदरिंगमधल्या वेषभूषा स्पर्धेसारखा दिसतो. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती आहे.

चित्रपट निवडताना

कल्ट चित्रपट तिकीटबारीवर चाललेला असेलच असं नाही. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा पडला होता. मग मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले, लोक पात्रांसारखे कपडे घालून यायला लागले, पडद्याशी बोलायला लागले आणि चित्रपट अजरामर झाला. अशा चित्रपटाच्या प्रेक्षकाला तो पाठ असतो, आणि तोच तुमचा सगळ्यात कडक परीक्षक आहे. म्हणून पहिली अट: तो चित्रपट तुमचा स्वतःचा लाडका हवा. 'सध्या सगळे हाच करतायत' म्हणून निवडलेल्या चित्रपटाचं प्रेम पडद्यावर उसनं दिसतं.

दुसरी कसोटी सावलीची. चित्रपटातलं एखादं दृश्य फक्त काळ्या आकृतीत काढून बघा. तेवढ्यावरून दोन सेकंदांत ओळखू येतं का? 'अ ट्रिप टू द मून' या मूकपटातलं चंद्राच्या डोळ्यात घुसलेलं यान सावलीतही ओळखू येतं. गोड संवादांवर उभा असलेला चित्रपट या कसोटीत बहुधा नापास होतो, कारण म्युझिक व्हिडिओत संवादांना जागाच नसते.

तिसरी कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: याच गाण्याला हाच चित्रपट का? स्मॅशिंग पम्पकिन्स या बँडच्या 'टुनाइट, टुनाइट' (१९९६) या गाण्यात तंतुवाद्यांचा मोठा ताफा आहे आणि अशक्य ते शक्य होईल असा विश्वास आहे. दिग्दर्शक जोनाथन डेटन आणि व्हॅलेरी फॅरिस यांनी त्याला जोड दिली ती जॉर्ज मेलिएसच्या 'अ ट्रिप टू द मून' (१९०२) या मूकपटाची, म्हणजे चंद्रावर जाण्याच्या भाबड्या, रंगवलेल्या स्वप्नाची. गाणं आणि चित्रपट एकच गोष्ट सांगतात. या व्हिडिओला त्या वर्षी एमटीव्हीचा 'व्हिडिओ ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. तुमच्या गाण्याचं आणि निवडलेल्या चित्रपटाचं नातं एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर चित्रपट बदला. पुढे खर्च वाढत जातो.

विडंबन की मानवंदना, आधीच ठरवा

दोन्हींत मूळ चित्रपट ओळखू यावा लागतो, पण नजर वेगळी असते. मानवंदनेत तुम्ही त्या चित्रपटाच्या जगात राहायला जाता. ब्लरच्या 'द युनिव्हर्सल' (१९९५) या व्हिडिओत जोनाथन ग्लेझरने 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मधल्या (१९७१) बारसारखी जागा उभी केली, बँडला पांढरे कपडे घातले आणि तिथला थंडपणा जसाच्या तसा ठेवला. कुठेही डोळा मारलेला नाही. विडंबनात एखादी गोष्ट मुद्दाम वाकवलेली असते. मिशेल गोंद्रीने फू फायटर्ससाठी केलेल्या 'एव्हरलाँग'मध्ये (१९९७) 'द इव्हिल डेड'चं (१९८१) जंगलातलं लाकडी घर आहे, भीती आहे. पण संकटात सापडलेली बायको म्हणून बँडचा ड्रमर बाईच्या वेषात झोपलाय आणि तिला वाचवायला निघालेल्या नायकाचा पंजा पलंगाएवढा फुगतो.

या दोघांच्या मधली, म्हणजे थोडी थट्टा आणि थोडा आदर अशी वाटही चालते, 'एव्हरलाँग' खरं तर तिथलाच आहे. फक्त गोंद्रीची थट्टा कशाची आहे ते बघा: भयपटातल्या शूर नायकाची आणि किंचाळणाऱ्या नायिकेची, म्हणजे ठरलेल्या साच्याची. मूळ चित्रपट स्वस्तात केला होता याची चेष्टा करणारं विडंबन मला आवडत नाही. गरिबीतून काढलेल्या युक्त्या हेच तर अनेक कल्ट चित्रपटांचं वैभव असतं.

चित्रपट बघणं नव्हे, मोजणं

या टप्प्यावर घाई करू नका. निवडलेली तीन-चार दृश्यं आधी आवाज बंद करून बघा. संगीत गेलं की भावना ओसरते आणि रचना दिसायला लागते. मग वही घ्या आणि प्रत्येक शॉटसाठी सहा गोष्टी लिहा: शॉट किती सेकंदांचा आहे, कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे, लेन्स वाइड आहे की लांबची, कॅमेरा हलतो की स्थिर आहे, मुख्य प्रकाश कुठून येतो आणि चौकटीत कोणते दोन-तीन रंग राज्य करतात.

उंचीवर मी मुद्दाम जोर देतोय. एकदा आम्ही 'द शायनिंग'मधल्या (१९८०) हॉटेलच्या बोळासारखा एक शॉट लावत होतो. लांबलचक कॉरिडॉर मिळाला होता, दिवे जुळवले होते, कॅमेरा बरोबर मधोमध होता, दोन्ही भिंती एका बिंदूकडे पळत होत्या. तरी मॉनिटरवर ते साधं कॉरिडॉरच दिसत होतं. तासभर दिवे हलवले, लेन्स बदलली. शेवटी कुणीतरी मूळ फ्रेम फोनवर काढून मॉनिटरशेजारी धरली आणि लक्षात आलं: तिथे कॅमेरा तीनचाकीवर बसलेल्या मुलाच्या पातळीवर, जमिनीलगत तरंगत जातो आणि आमचा मात्र उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. ट्रायपॉडचे पाय पसरून कॅमेरा गुडघ्याखाली आणला. गालिचा अर्धी फ्रेम व्यापून बसला, छत दूर गेलं आणि तो बोळ एकदम मोठा आणि वाईट दिसायला लागला. दिवे आधी होते तेच होते.

चौकटीचा आकारही, म्हणजे रुंदी आणि उंची यांचं गुणोत्तर, याच वहीत लिहा. मूकपट साधारण १.३३:१ या जवळपास चौकोनी चौकटीत आहेत. नंतरचे अनेक चित्रपट १.८५:१ किंवा लांबलचक २.३९:१मध्ये. चौकोनी चित्रपटाची मानवंदना रुंद चौकटीत केली, तर कुठेतरी खटकतं आणि प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही.

गाण्याचा नकाशा

आता गाणं कडव्यांत, मात्रांत मोडा. हिशेब सोपा आहे. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल, तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे ठोक्याला १२ फ्रेम, आणि चार ठोक्यांचं आवर्तन बरोबर दोन सेकंदांचं, ४८ फ्रेमचं. वहीत मोजलेले शॉट या मापाशी ताडून बघा. मूळ चित्रपटातला शॉट अकरा सेकंद टिकत असेल, तर तुमच्या गाण्यात त्याला साडेपाच आवर्तनं लागतात. तेवढी उसंत त्या ओळीत आहे का?

बऱ्याच व्हिडिओंचं इथेच बिनसतं. चित्रपट संथ, गाणं वेगवान; मग घाईघाईत प्रत्येक ठोक्यावर कट मारले जातात आणि वृत्त मोडतं. यावर उपाय आहे. संथ, लांब शॉट धृपदाच्या आधीच्या मोकळ्या जागेत किंवा मधल्या वाद्यसंगीतात ठेवा आणि जलद भाग धृपदात. चित्रपटाचा क्रम पाळायची गरज नाही. सगळ्यात ओळखीचं दृश्य मात्र सुरुवातीलाच उधळू नका. पहिल्या वीस सेकंदांत एक खूण पेरा, मोठा शॉट दुसऱ्या धृपदापर्यंत राखून ठेवा.

हक्कांचं आधी बघा

मूळ चित्रपटाची फीत वापरणं आणि त्या धर्तीवर स्वतः चित्रीकरण करणं यात कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. क्वीनच्या 'रेडिओ गा गा'मध्ये (१९८४) फ्रिट्झ लँगच्या 'मेट्रोपोलिस'मधली (१९२७) खरीखुरी दृश्यं आहेत; असं करायचं तर हक्कधारकाची परवानगी लागते. पुढे मॅडोनाच्या 'एक्स्प्रेस युवरसेल्फ'साठी (१९८९) डेव्हिड फिंचरने त्याच चित्रपटाची प्रेरणा घेऊन स्वतःचं यंत्रनगर उभारलं. लहान चमूने दुसरी वाट धरावी.

विडंबनाला अनेक देशांत कायद्याचं काही संरक्षण आहे, पण त्याची व्याप्ती देशागणिक बदलते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये टू लाइव्ह क्रू या बँडच्या खटल्यात म्हटलं, की पैसे कमावण्यासाठी केलेलं विडंबनही 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय केलेला रास्त वापर, ठरू शकतं; मात्र त्या विडंबनाचा रोख मूळ कृतीवर हवा. दुसऱ्याच कशाची तरी खिल्ली उडवायला ओळखीची कृती उसनी घेतली, तर बाजू लंगडी पडते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४मध्ये विडंबनाची दोन लक्षणं सांगितली: मूळ कृतीची आठवण व्हावी पण तिच्याहून वेगळेपण स्पष्ट दिसावं, आणि त्यात विनोद किंवा उपहास असावा. म्हणजे गंभीर मानवंदनेला हे छत्र आपोआप मिळेलच असं नाही. व्हिडिओतून कमाई करणार असाल, तर वकिलाला दाखवाच.

तीन गोष्टी मी कटाक्षाने टाळतो: मूळ पार्श्वसंगीत, मूळ संवादांचा आवाज आणि निर्मितीसंस्थेचं बोधचिन्ह. यूट्यूबची आपोआप जुळणी करणारी यंत्रणा आवाज आणि चित्र ताडून बघते. तुमचा हेतू विडंबनाचा होता हे तिला समजत नाही. गाणं दुसऱ्याचं असेल, तर गाण्याचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे असतात, दोन्हींची परवानगी काढा.

हक्कांची कटकटच नको असेल, तर मुदत संपलेल्या जुन्या चित्रपटांकडे वळा. ती मुदतही प्रत्येक देशात वेगळी असते, तेवढी तपासून घ्या. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) अमेरिकेत कधीचाच सार्वजनिक झालाय. प्रदर्शनाच्या वेळी नाव बदललं आणि त्या घाईत नव्या श्रेयनामावलीवर हक्काची सूचना टाकायचीच राहून गेली.

स्टोरीबोर्ड दोन रकान्यांत

स्टोरीबोर्ड म्हणजे प्रत्येक शॉटचं आधीच काढलेलं चित्र. डाव्या रकान्यात मूळ फ्रेम, उजव्या रकान्यात तुमचं चित्र, खाली गाण्याची ओळ आणि आवर्तनाचा आकडा. उजवीकडच्या प्रत्येक चित्रात काय बदललंय ते लाल पेनाने लिहा. ज्या चौकटीत लाल अक्षर नाही ती नुसती नक्कल आहे; अशा दोन-तीन चालतात, त्याहून जास्त नकोत.

बदल कसा असावा याचे दोन नमुने सांगतो. थर्टी सेकंड्स टू मार्सच्या 'द किल'मध्ये (२००६) 'द शायनिंग'सारखं ओस हॉटेल आहे आणि न जाण्याची खोलीही आहे, पण तिचा क्रमांक ६२७७. फोनच्या बटणांवर हे आकडे दाबले की 'मार्स' अशी अक्षरं होतात. रचना चित्रपटाची, अर्थ बँडचा. दुसरा नमुना रेड हॉट चिली पेपर्सच्या 'अदरसाइड'चा (२०००), हाही डेटन-फॅरिस यांचाच. 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी'च्या (१९२०) वाकड्यातिकड्या गावात त्यांनी बँडला एकही नेहमीचं वाद्य दिलं नाही. बासवादक टेलिफोनच्या तारांना लोंबकळून त्याच तारा छेडतो, ड्रमर फिरत्या घड्याळावर उभा राहून वाजवतो. बँड त्या जगाचा भाग होतो, तिथे आलेला पाहुणा वाटत नाही. गायकाला चित्रपटाच्या सेटपुढे माइक देऊन उभं करणं हा आळशी उपाय आहे.

सेट आणि कपडे

दहा वस्तू साधारण जुळवण्यापेक्षा एकच वस्तू तंतोतंत जुळवा. 'क्लूलेस'वर (१९९५) बेतलेल्या इग्गी अझालियाच्या 'फॅन्सी'त (२०१४) पिवळ्या चौकड्यांचा तो पोशाख दिसताक्षणी काम झालं; त्यावर, चित्रपटात वापरलेल्या लॉस एंजेलिसच्या ग्रँट हायस्कूलमध्येच चित्रीकरण केलं. ती शाळा तुम्हाला मिळणार नाही, पण कपड्याचा रंग आणि चौकडीचा आकार मिळवता येतो. कापड कॅमेऱ्यातून तपासल्याशिवाय शिवायला टाकू नका. बारीक चौकडी पडद्यावर थरथरते.

पैसे कमी असतील, तर 'कॅलिगारी' आणि मेलिएस हे खरे गुरू. 'कॅलिगारी'त सावल्यासुद्धा सेटवर रंगाने काढलेल्या आहेत. मोठं कापड, काळा-पांढरा रंग आणि तिरक्या रेषा काढायची हिंमत एवढं भांडवल पुरतं. मेलिएसची वस्तू गायब करायची युक्ती तर आजही तशीच चालते: कॅमेरा स्थिर ठेवा, सगळ्यांना जागच्या जागी थांबवा, वस्तू काढून घ्या, पुन्हा चालू करा. मधला तुकडा कापला की वस्तू अदृश्य. ट्रायपॉडला कुणाचा पाय लागू देऊ नका.

चित्रीकरणाच्या दिवशी

मॉनिटरवर मूळ फ्रेम अर्धपारदर्शक करून तुमच्या चित्रावर ठेवता येत असेल तर ठेवा. नाहीतर प्रिंट काढून शेजारी चिकटवा. पात्र, दाराची कड, क्षितिजरेषा या तीन गोष्टी जुळल्या की पुढे चला.

'इव्हिल डेड'सारखी जंगलातून धावत येणारी अदृश्य शक्ती हवी असेल, तर महागडं साहित्य लागत नाही. सॅम रायमीच्या चमूने कॅमेरा एका लांब लाकडी फळीच्या मधोमध बसवला आणि दोन्ही टोकांना एकेक माणूस धरून पळाला. फळीच्या लांबीमुळे पावलांचे धक्के मधोमध येईपर्यंत बरेच विरतात. वाइड लेन्स लावा, फळी जमिनीच्या जवळ ठेवा, आधी कॅमेऱ्याशिवाय, नुसती फळी घेऊन दोनदा पळून बघा आणि वाटेतले दगड उचला.

आता प्लेबॅक, म्हणजे गायकाला ओठ हलवता यावेत म्हणून सेटवर गाणं वाजवणं. यात चूक झाली तर दिवस वाया जातो, आमचा गेलाय. मूकपटाची लगबग हवी म्हणून आम्ही ठरवलं की एडिटमध्ये चित्र दीडपट वेगाने चालवायचं. गायकाने मात्र सेटवर मूळ वेगाच्या गाण्यावर ओठ हलवले. चित्र वेगवान केलं आणि ओठ गाण्याच्या कितीतरी पुढे पळाले. सगळे गायनाचे शॉट पुन्हा घ्यावे लागले.

नियम असा: पडद्यावर चित्र जितक्या पट वेगाने धावणार, तितक्या पट गाणं सेटवर सावकाश वाजवायचं. सेकंदाला १६ फ्रेम चित्रित करून २४ने दाखवणार असाल, तर हालचाल दीडपट वेगवान होते. म्हणून सेटवर गाणं दोन-तृतीयांश वेगाने लावा. तीन मिनिटांचं गाणं गायला साडेचार मिनिटं लागतील. स्लो मोशनमध्ये याच्या उलट: ४८ फ्रेमने घेऊन २४ने दाखवायचं असेल, तर गाणं दुप्पट वेगाने. गायकाला त्या वेगाची ध्वनिफीत आठवडाभर आधी द्या आणि आरशासमोर सराव करायला सांगा. वेग बदलताना सूर बदलला तरी हरकत नाही, तो आवाज कुणी ऐकणार नाहीये. प्रत्येक टेकच्या आधी तीन मोठे टिक वाजतील असं करून ठेवा, एडिटमध्ये जुळवणी पटकन होते. शॉटच्या पाटीवर गाण्याचा वेगही लिहा, नाहीतर चार दिवसांनी कोणता टेक कोणत्या वेगाचा होता हे कुणालाच आठवत नाही.

एडिट आणि रंग

आधी संपूर्ण व्हिडिओ रंग न लावता, फक्त कटांच्या लयीवर उभा करा. जुनेपणाचे ओरखडे, फ्लिकर, ग्रेन हे सगळं शेवटी. त्याचा अतिरेक पटकन होतो. खऱ्या, नीट जपलेल्या जुन्या प्रतींवर सतत ओरखडे नसतात. रंग जुळवताना वहीतल्या दोन-तीन रंगांवरच काम करा. मूळ फ्रेम आणि तुमची फ्रेम अगदी छोटी, अंगठ्याच्या नखाएवढी करून शेजारी ठेवा. तेवढ्या आकारात दोन्ही एकाच घरातल्या वाटल्या पाहिजेत.

मग दोन माणसांना दाखवा: एकाला चित्रपट पाठ असावा, दुसऱ्याने नावही ऐकलेलं नसावं. पहिला कुठे हसतो, कुठे पुढे वाकतो ते त्याच्या चेहऱ्यावर बघा, व्हिडिओकडे बघू नका. दुसऱ्याला विचारा की गोष्ट काय होती. त्याला सांगता आलं नाही, तर तुमचा व्हिडिओ फक्त आठवणीच्या जोरावर उभा आहे. असं झालं तर मी सहसा एखादी ओळखीची खूण काढून टाकतो आणि तिथे गायकाचा चेहरा दोन आवर्तनं जास्त ठेवतो.

शेवटचं काम श्रेयाचं. वर्णनात मूळ चित्रपटाचं आणि दिग्दर्शकाचं नाव लिहा, पण शक्य असेल तर ते पडद्यावरच आणा. 'टुनाइट, टुनाइट'मधलं जोडपं झेपेलिनसारख्या हवाई जहाजातून चंद्रावर उतरतं, तिथल्या प्राण्यांशी छत्रीने लढतं, समुद्रात कोसळतं आणि शेवटी एक जहाज त्यांना उचलून घेतं. त्या जहाजावर नाव रंगवलेलं आहे: 'एस. एस. मेलिएस'.